लाल दोऱ्याचा हेडफोन

दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांच्या कानापर्यंत पोचवायची, हा आमचा धंदा. स्वतःचं असं काही सांगायची पाळी आमच्यावर सहसा येत नाही. पण माझ्या हातून एक अपराध घडला, त्याबद्दल मला कुणी जाब विचारला नाही, आणि तेच मनाला लागून राहिलंय. म्हणून आज आपणहून बोलतोय. मी एक हेडफोन. काळा, जाडजूड, कान पुरता झाकणारा.

जन्म कारखान्यातला. तिथे एका बाईने मला स्वतःच्या कानांना लावलं, दोन्ही वाट्यांतून सारखा आवाज येतोय ना ते पाहिलं आणि खोक्यावर शिक्का मारला. त्या शिक्क्याची मला भारी ऐट होती. पुढे त्या ऐटीचं काय झालं ते सांगतोच.

मला विकत घेतलं कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने. दोन वर्षं तिने माझ्यातून व्याख्यानं ऐकली, गाणी ऐकली, मैत्रिणींशी तासन्‌तास गप्पा मारल्या. मग तिला लांबच्या शहरात नोकरी लागली. कपडे गेले, पुस्तकं गेली. टेबलावरचा कॉम्प्युटर आणि मी मागे राहिलो. "तुझ्यासाठीच ठेवलाय, आई. रविवारी व्हिडिओ कॉल करत जाऊ," असं म्हणून ती गेली.

आई एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत कामाला. बावीस वर्षं झाली. सकाळी सहाची पाळी, अडीचला घरी. नवरा लेक लहान असतानाच गेला होता, आता लेकही गेली. दरवाजा उघडून आत आली की बाई चप्पल काढायची आणि तशीच भिंतीला टेकून थोडा वेळ उभी राहायची. दिवसभर कान किटवणाऱ्या मशिनींमधून येऊन त्या दोन खोल्यांतली शांतता एकदम अंगावर यायची. टीव्ही लावायची, बंद करायची. रविवारची वाट बघायची. रविवारचा कॉल दहा मिनिटांचा, तोही ती तिच्या फोनवरच घ्यायची.

लेकीने कधीतरी हौसेने कॉम्प्युटरवर संगीत बनवायचा एक प्रोग्राम घेऊन ठेवला होता आणि तो उघडून बघायचा आळस केला होता. एका दुपारी आईने तो चुकून उघडला. पडद्यावर सोळा चौकोनांची ओळ आली. एकावर क्लिक केलं तर 'ढम्' झालं. तिने चार चार घरं मोजून चार ढम् ठेवले आणि बटण दाबलं. ती ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. ढम्, ढम्, ढम्, ढम्. बाई खुर्चीत ताठ बसली. हे तर तिच्या मोठ्या मशीनचं चालणं होतं, ओल्या चादरींनी भरलेला ड्रम फिरायला लागतो तेव्हाचं. सबंध दुपार ती तीच ओळ ऐकत बसली. भाजी करपली.

मग ती शिकायला लागली. इंटरनेटवर एक दाढीवाला शिकवायचा. त्याने सांगितलं, याला टेक्नो म्हणतात, आणि यात गाणारा लागत नाही. हे तिला फार आवडलं असावं, कारण तिचा स्वतःचा गळा अगदीच यथातथा. दोन ढम्‌च्या मधोमध 'चिक्' ठेवायचं, खाली एक जाड सूर घुमवायचा, तो हळूहळू मिटवायचा आणि हळूहळू उघडायचा, एवढं जमायला तिला दोन महिने लागले. तयार 'चिक्' काही तिच्या पसंतीला उतरेना. तेव्हा तिने लॉन्ड्रीत फोन नेला आणि कोटांची बटणं ड्रमच्या पत्र्यावर आपटतात तो आवाज टिपून आणला. सुपरवायझर म्हणाला, ताई, मशीनचा फोटो काढतात, तुम्ही मशीनचं गाणं काढताय होय? ती नुसती हसली. खरंच काढत होती, पण सांगणार कुणाला?

सुरुवातीला ती छोट्या स्पीकरवर ऐकायची. खाली राहणारे निवृत्त मास्तर दुपारची झोप घ्यायचे. तिसऱ्याच दिवशी त्यांनी काठीने छत ठोकलं. तिने स्पीकर काढून माळ्यावर टाकले. तेव्हापासून तिच्या संगीताचं सगळं जग म्हणजे मी. ती आणि मी, एवढीच त्या मैफलीची उपस्थिती.

आता लाल दोऱ्याचं सांगतो. लॉन्ड्रीत प्रत्येक कपड्याला मजल्याप्रमाणे रंगीत दोऱ्याची खूण घालतात, आणि खूण पाहिल्याशिवाय घडी घालायची नाही हा नियम. बावीस वर्षांत तो तिच्या हाडीमासी खिळलेला. माझी डावी बाजू ओळखू यावी म्हणून तिने डाव्या वाटीच्या गादीवर लाल दोऱ्याचे दोन टाके घातले. मला कानांवर चढवण्याआधी दर वेळी दोरा बघायची. मी एकदाही तिच्या डोक्यावर उलटा गेलो नाही. तिची ही शिस्त मला तेव्हा कौतुकाची वाटायची.

काम झालं की ती मला डाव्या कुशीवर टॉवेलावर निजवायची. तिच्या केसांत, बाह्यांत, टॉवेलात लॉन्ड्रीतला बारीक कापूस भरलेला असायचा. माझी डावी गादी एका ठिकाणी उसवली होती. तिथून तो कापूस रोज थोडा थोडा आत शिरत गेला आणि जाळीवर बसत गेला. दुखलं खुपलं नाही, त्यामुळे मलाही उशिरा कळलं. माझा डावा आवाज बसत चालला होता.

तिला डावीकडे कमी ऐकू यायला लागलं, तसं तिने प्रोग्राममधलं एक बटण डावीकडे थोडं वळवलं. पुढच्या धुनेला आणखी थोडं. पडद्यावर आवाजाचे दोन हिरवे खांब दिसतात. त्यातला डावा उंच, उजवा बुटका दिसायला लागला. ती त्या खांबांकडे बघायची आणि विचारात पडायची. पण दाढीवाल्याने बजावून सांगितलं होतं की डोळ्यांवर नाही, कानांवर विश्वास ठेवा. त्याला काय माहीत, तिच्या कानांवर मी बसलोय.

एक दिवस तिने आपली अगदी पहिली धून लावली. ती तर सरळ, दोन्हीकडे सारखी असलेली. तीही डावीकडे मंद वाटली. बाईचा चेहरा उतरला. तिने मला काढून मांडीवर ठेवलं आणि डाव्या कानाला हात लावून बसली. मोठं पिळायचं मशीन लॉन्ड्रीत तिच्या डाव्या हाताला. बावीस वर्षं तोच कान त्याच्याकडे. तिथल्या दोन जुन्या बायकांचे कान असेच गेले होते.

तिला वाटलं, आपला कान गेला.

मी ओरडून सांगायला हवं होतं की बाई, तुझा नाही, माझा गेलाय. पण माझ्यात जे कुणी भरेल तेच माझ्यातून बाहेर पडतं, माझं स्वतःचं अवाक्षरही नाही. डॉक्टरकडे ती गेली नाही. फोनसुद्धा कधी डाव्या कानाला लावून पाहिला नाही. लावला आणि खरंच ऐकू आलं नाही तर काय, ही धास्ती. लॉन्ड्रीत शेजारी घडी घालणारी बाई काही म्हणाली आणि नीट कळलं नाही की हिच्या संशयाला आणखी जोर यायचा. वास्तविक त्या मशिनींच्या गोंगाटात तिथे कुणालाच काही कळत नाही.

सतरा धुना झाल्या होत्या. लेक आली की तिला ऐकवायच्या, हे तिच्या मनात होतं. आता बहिऱ्या बाईने वेडंवाकडं केलेलं ते कुणाला कशाला दाखवायचं, म्हणून तिने प्रोग्राम उघडणंच सोडलं. चार महिने मी टॉवेलावर पडून होतो. ती पुन्हा भिंतीला टेकून उभी राहायला लागली. रविवारी लेक विचारायची, आई, दिवसभर काय करतेस? काही नाही गं, असं ती सांगायची, आणि आता ते खरंच होतं.

मग लेक दोन दिवसांसाठी आली. कसलासा अर्ज भरायला कॉम्प्युटरसमोर बसली आणि तिला त्या धुना दिसल्या. पहिलं, बटणं, मोठा ड्रम, रिकामी दुपार, अशी त्यांची नावं. तिने मला उचललं, खूण बिण न बघता कसंही डोक्यावर अडकवलं आणि 'पहिलं' लावलं.

आई पोळी लाटता लाटता दारात आली ती तशीच थांबली. लेकीचा पाय हलत होता. आईच्या धुनेवर कुणा दुसऱ्याचा पाय हलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"आई, हे तू केलंस?"

"बंद कर ते. असंच आपलं काहीतरी."

"थांब ना. छान आहे गं. फक्त उजव्या कानाला कमी येतंय."

"उजव्या?"

"हो. उजवीकडे अगदीच बारीक."

आईने पिठाच्या हातांनीच माझ्याकडे बोट केलं. लाल दोरा लेकीच्या उजव्या कानावर होता. आईने मला तिच्या डोक्यावरून काढून घेतलं. सरळ लावून पाहिलं, मग उलटा, मग पुन्हा सरळ, पुन्हा उलटा. मंद बाजू कानासोबत राहत नव्हती, ती दोऱ्यासोबत फिरत होती. बाई मटकन पलंगावर बसली आणि रडायला लागली.

"मला वाटलं, माझा कान गेला," ती म्हणाली.

"कधीपासून वाटतंय?"

"झाले चार महिने."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू दहा मिनिटं बोलतेस. त्यात हे कुठे सांगत बसू?"

लेक आईशेजारी येऊन बसली. माझी धड वाटी तिने आईच्या कानाला लावली, बिघडलेली स्वतःच्या कानाशी धरली, आणि दोघींनी सतराच्या सतरा धुना ऐकल्या. पोळ्या राहिल्या त्या राहिल्याच.

लेक गेली. आठवड्याने तिने पाठवलेला नवा हेडफोन आला. आईने डावीकडे कललेल्या धुना एकेक करून सरळ केल्या, दोन्ही हिरवे खांब सारखे होईपर्यंत. रविवारचा कॉल आता लांबतो. मी टेबलाच्या कडेला पडून ते सगळं बघत होतो. ज्याच्यामुळे तिने चार महिने तसे काढले, त्याला कोण जवळ करणार, हे मी मनाशी धरलं होतं. म्हणून एका संध्याकाळी तिने कात्री आणून माझी वायर मुळापासून कापली, तेव्हा मला नवल वाटलं नाही.

पण तिने मला केराच्या टोपलीत टाकलं नाही. पिशवीत घालून लॉन्ड्रीत नेलं. तिथे पिळायच्या मशीनजवळच्या खिळ्यावर आता माझा मुक्काम असतो. मशीन सुरू करताना ती मला कानांवर ओढून घेते. दोऱ्याची वाटी डावीकडे, मशीनच्या बाजूला. माझ्यातून आता काहीही वाजत नाही. बाहेरचा आवाज आत येऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम. कापसाने बुजलेली वाटी त्या कामाला बरी पडते.

अडीचला ती घरी जाते आणि मी इथे एकटा असतो. अठरावी धून सुरू केलीय, असं ती घडीवालीला सांगत होती. ती कशी आहे ते मला कळायचं नाही. आधीच्या सतरा मी तिच्याआधी क्षणभर ऐकल्या होत्या, आणि ही मात्र एका अनोळखी हेडफोनच्या वाट्याला गेली. याचं वाईट वाटतं, ते लपवत नाही.

तुझ्याकडे मागणं एकच आहे, बाई. परवा तू घाईत होतीस, मला खिळ्यावरच विसरलीस आणि सबंध एक फेरी तुझा कान उघडा राहिला. उद्या सहाला ते मशीन पुन्हा सुरू होईल. बाई, आधी मला घाल, मग बटण दाब.