ओठांना लागलेलं पितळ

मी नोझल बोलतोय. फवारणीच्या पंपाला जी लांब दांडी असते, तिच्या टोकाचा पितळी तुकडा म्हणजे मी. औषधाचा फवारा माझ्यातून बाहेर पडतो. अंगठ्याच्या पेराएवढा माझा जीव. जन्मापासूनची कहाणी सांगणारच आहे, पण एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण सगळा वाद तिच्यावरूनच झाला. माझा माणूस औषध प्यायला नव्हता. घरात त्याचं भांडण झालं नव्हतं, तो जिवाला कंटाळला नव्हता. तो कामावर होता. त्याच्या बायकोनं हे कळवळून सांगितलं तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही, म्हणून मी सांगतोय. मी तिथं होतो. त्याच्या ओठांवर होतो.

एका लांबट शेडमध्ये लेथ मशीनवर माझा जन्म झाला. पितळेच्या कांबीतून मला कापलं, आत आटे पाडले, बारीक जाळी बसवली आणि शेवटी माझ्या चकतीला मधोमध भोक पाडलं. तपासणारी बाई प्रत्येक नोझल उजेडाकडे धरायची आणि एक डोळा मिटून आरपार बघायची. "भोकावरच सगळं आहे गं," ती शेजारणीला सांगायची. "भोक नीट असलं तर धुकं पडतं. बिघडलं की नुसता नळ." माझं भोक नीट होतं. मला अभिमान वाटला. याच भोकाला पुढं माणसाच्या छातीपेक्षा जास्त जपतील, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

तिथून मी पुठ्ठ्याच्या खोक्यातून अवजारांच्या दुकानात आलो. दुकानाच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं. त्यात हातमोजे, चष्मा, मास्क, गमबूट, पायापर्यंत लांब कोट असा सगळा सरंजाम घातलेला एक माणूस हसत हसत फवारणी करत होता. तो माणूस मला आजवर कुठल्याही बागेत भेटलेला नाही.

मला विकत घ्यायला आला तो उंच, हडकुळा मजूर होता. त्यानं खोक्यातली नोझलं एकेक करून तोंडाला लावली आणि फुंकून पाहिली.

"अहो, बासरी घ्यायला आलात का?" दुकानदार म्हणाला.

"बासरीनं पोट भरत नाही मालक. ही वाजली तर भरतं."

मी वाजलो. त्यानं मला शर्टाच्या खिशात टाकलं.

तो मजुरीला जायचा ती बाग द्राक्षांची होती, उतारावरची. तिथं ट्रॅक्टर चढायचा नाही, म्हणून फवारणी माणसांच्या पाठीवर होती. पंप बागमालकाचे, पण नोझल ज्याचं त्यानं आणायचं, अशी तिथली पद्धत. खाली पाण्याचा हौद होता. बायका तिथून बादल्या भरून वर आणायच्या, औषध कालवायच्या आणि पुरुषांच्या पाठीवरच्या पंपात ओतायच्या. कालवायला काठी सापडली तर काठी, नाहीतर हात. त्याची बायकोही पाण्यावरच होती. सगळे तिला वहिनी म्हणायचे.

हौदाचं पाणी शेवाळलेलं. माझ्या जाळीत गाळ अडकायचा आणि मी दर थोड्या वेळानं तुंबायचो. तार घातली असती तर मोकळा झालो असतो. पण मुकादमाची सक्त ताकीद होती.

"तार घातलेली दिसली तर काम बंद! भोक मोठं होतं आणि औषध दुप्पट जातं. मालकाचं औषध काय फुकट येतं? फुंका की! तोंडं कशाला आहेत?"

म्हणून सगळे फुंकायचे. दांडीवरून मला काढायचं, ओठात धरायचं आणि उलट्या बाजूनं जोरात हवा मारायची. फुंकण्याआधी श्वास घ्यावा लागतो, आणि मी ओठात असतानाच तो घेतला जायचा. काय काय आत जात होतं, याचा हिशेब कोणी करत नव्हतं.

माझा माणूस या कामात सगळ्यात तरबेज. तो फुंकायचा तेव्हा माझ्यातून अशी लखलखीत शिट्टी निघायची की वरच्या ओळीत ऐकू जायची. त्यावरून त्याचं नावच शिट्टी पडलं. ज्याचं नोझल हट्टाला पेटेल तो त्याच्याकडे यायचा.

"शिट्टी, आमची बोलायची बंद झालीय. बघ जरा."

"नोझल का बायको?"

"बायको बंद पडली असती तर तुझ्याकडे कशाला आणली असती? सुट्टी घेतली असती चार दिवस!"

मागून बादली घेऊन वहिनी यायची. "आणा तिला इकडं भावजी. आम्ही दोघी मिळून तुम्हालाच बंद करतो."

सगळी ओळ हसायची. शिट्टी ते नोझल फुंकून परत द्यायचा आणि बाहीनं ओठ पुसायचा. बाही ओठांपेक्षा जास्त भिजलेली असायची.

तुम्ही विचाराल, आणि शहाणी माणसं विचारतातच, की मग हे लोक मास्क का लावत नाहीत, हातमोजे का घालत नाहीत. तर ऐका. त्या बागेत हातमोज्यांचा एक जोड होता. तो कार्यालयाच्या कपाटात होता. बाग बघायला कोणी पाहुणे आले की बाहेर निघायचा, कोणाच्या तरी हातात चढायचा, फोटो झाला की परत आत. एवढ्या माणसांत एक जोड. आणि त्यातही दोन्ही मोजे डाव्या हाताचे होते.

हळूहळू शिट्टीचं डोकं रोज दुखायला लागलं. तोंडात पाणी सुटायचं, तो सारखा थुंकायचा. उशी लाळेनं ओली व्हायची. शर्टाची बटणं लावताना बोटं चुकायची. फवारणीसाठी त्यानं एकच शर्ट ठेवला होता. उद्या पुन्हा भिजणारच, मग धुवायचा कशाला, म्हणून तो तसाच घरातल्या खिळ्याला टांगायचा. मी त्याच्या खिशात असायचो, त्यामुळे घरातलं बोलणं माझ्या कानावर पडायचं.

"अहो, घास तोंडाकडे नेताना तुमचा हात थरथरतोय."

"ऊन लागलं असेल."

"काल ढग होते दिवसभर."

"मग ढग लागले असतील!"

ती हसली नाही. "तुम्ही दुसऱ्यांची नोझलं फुंकणं बंद करा आधी."

"अगं, सगळेच फुंकतात. मला काय वेगळं होणार आहे?"

त्या बागेत सगळ्यांना ऊनच लागायचं. उलटी झाली, ऊन. चक्कर आली, ऊन. उन्हाला बिचाऱ्याला तोंड नाही, नाहीतर त्यानंही कधीतरी जाब विचारला असता.

मग तो दिवस आला. आधी आभाळ भरून राहिलं होतं, घडांवर रोग उतरला होता आणि मालक घायकुतीला आला होता. त्यानं हुकूम सोडला की दोन औषधं एकत्र करून मारा, म्हणजे एका फेरीत काम होईल. बायकांनी दोन्ही औषधं हौदाकाठी कालवली. मिश्रण नासलेल्या दुधासारखं फाटलं. वहिनी म्हणाली, "मुकादम, हे बघा, गुठळ्या झाल्यात." मुकादम म्हणाला, "गाळून घ्या आणि भरा. बघत काय बसलात?"

गाळून गुठळ्या जात नाहीत. त्या माझ्यात आल्या, सगळ्या नोझलांत आल्या. एका ओळीत दोनदा-तीनदा तुंबायला लागलो. वारा पडलेला, फवारा अंगाभोवतीच लोंबकळत होता. शिट्टीपुढं रांग लागली. तो स्वतःचं फुंके, मग शेजारच्याचं, मग त्याच्या मागच्याचं. दुपार कलायच्या आत त्याची शिट्टी फाटकी येऊ लागली. छातीत घरघर होती, ती मला ऐकू येत होती.

वहिनी पंप भरायला आली तेव्हा त्यानं तिला विचारलं, "अंधार का पडला गं एवढ्यात?"

"अंधार? डोक्यावर ऊन आहे की!"

त्यानं मला खिशात ठेवलं. अंगाला दरदरून घाम फुटला, मांड्यांचे स्नायू कातडीखाली उडायला लागले, आणि तो पंपासकट ओळीत आडवा झाला. तोंडातून फेस येत होता. तिनं बादली टाकली आणि त्याच्या पाठीवरचे पट्टे दातांनी सोडवायला लागली, कारण ओल्या गाठी हातानं सुटत नव्हत्या.

इस्पितळाच्या दारात मुकादम सगळ्यांच्या पुढं होता. कोणी काही विचारायच्या आत त्यानं सांगून टाकलं, "औषध प्यायलाय."

डॉक्टरीण तरुण होती. तिनं शिट्टीच्या पापण्या वर केल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. नर्सनं शर्ट कापून काढला, साबणानं अंग धुतलं, सुया टोचल्या, नळ्या घातल्या. कपड्यांचं बोचकं वहिनीच्या हातात आलं. त्यात मी होतो.

"काय प्यायले? किती प्यायले?" डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली.

"काही प्यायले नाहीत हो बाई. काम करत होते."

"ताई, तोंडाला वास येतोय. लपवू नका. मी तुम्हाला रागावणार नाही."

मुकादम मध्येच बोलला, "वहिनी, आता लपवून काय होणार? घराघरात होतं. शब्दानं शब्द वाढतो."

चौकशीसाठी आलेला पोलीस भिंतीला टेकून उभा होता. त्यानंही मान डोलावली. घरात भांडण, बायकोचं तोंड, नवऱ्यानं बाटली तोंडाला लावली: गोष्ट त्यांच्याकडे तयार होती. फक्त तिनं हो म्हणायचं होतं. ती हो म्हणाली असती तर बाग सुटली असती, मुकादम सुटला असता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्यांनी पुन्हा नोझलं तोंडाला लावली असती. ती मात्र जन्मभर नवऱ्याला विष प्यायला लावणारी बाई ठरली असती.

ती मुकादमाकडे वळली. "आमच्या घरात काल एकच शब्द वाढला. मी म्हणाले शर्ट धुते, हे म्हणाले राहू दे."

मग तिनं बोचक्यात हात घालून मला बाहेर काढलं. "तोंडात कसं गेलं विचारताय ना? बघा."

तिनं मला ओठांकडे नेलं.

डॉक्टरिणीनं झडप घालून तिचं मनगट धरलं. बाजूचा ट्रे खणकन खाली पडला. "वेड लागलंय का तुम्हाला? हे तोंडाला लावायचं?"

वहिनीनं मनगट सोडवून घेतलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही एकदा बघितलंत आणि माझा हात धरलात. बागेत हे रोज चालतं, या मुकादमांच्या डोळ्यांदेखत. यांनी एकदा तरी धरायचा होता."

मुकादम आपल्या चपलांकडे बघत म्हणाला, "सगळेच करतात, बाई."

"सगळे म्हणजे?"

"सगळे."

पोलिसानं विचारलं, "मग मी ‘औषध प्यायला’ असंच लिहू ना?"

"नाही," डॉक्टरीण म्हणाली. "काम करताना विषबाधा झाली आहे. आणि मुकादम, बाकीच्या सगळ्यांना उद्या इथं घेऊन या. पाण्यावरच्या बायकांनासुद्धा."

सगळे आले नाहीत. निम्मे आले. निम्म्यांना मालकानं सांगितलं होतं की ज्याला तपासून घ्यायचंय त्यानं तिकडेच राहावं.

शिट्टी वाचला. पण वाचला म्हणजे पहिल्यासारखा झाला, असं नाही. घरी गेल्यावर काही आठवड्यांनी त्याच्या पायांतली ताकद ओसरली. चप्पल पायातून निसटते आणि त्याला कळत नाही. जमीन कापसाची झाल्यासारखी वाटते, असं तो सांगतो. उतारावर तो पुन्हा चढणार नाही. त्याचं नोझल मात्र शाबूत आहे, भोक एका केसानंही वाढलेलं नाही. मालकाला हवं होतं तसंच सगळं झालं.

आता मी डॉक्टरिणीच्या खोलीत असतो. तिनं मला वहिनीकडून मागून घेतलं आणि जाड पिशवीत घालून खुर्चीमागच्या फळीवर ठेवलं. शेतावरचा कोणी आला की ती मला दाखवते. "हे तोंडानं फुंकता?" माणसं कसनुसं हसतात. हसण्यावरूनच उत्तर कळतं.

वहिनी नवऱ्याला घेऊन तपासणीला येते तेव्हा तिकडची खबर कळते. जो नोझल तोंडाला लावेल त्याचा पंप मी भरणार नाही, असं तिनं बागेत जाहीर केलं. मुकादमानं तिला पाण्यावरून काढून दुसऱ्या कामाला लावलं. मालक अजून सांगत फिरतो की तो प्यायलाच होता, बाईनं डॉक्टरला गुंडाळलं. पण दोघा-तिघांच्या खिशात आता ब्रश असतो म्हणे. दोघा-तिघांच्याच.

परवा बाहेरच्या ओट्यावर गलका झाला. दुसऱ्या कुठल्या तरी मळ्यातून एका बाईला उचलून आणलं होतं. तिच्या तोंडाला फेस होता. सोबतचा माणूस धापा टाकत म्हणाला, "औषध प्यायली वाटतं. सासूशी पटत नव्हतं तिचं."

बाकावर शिट्टी बसला होता. काठीचा आवाज आला, मग त्याचा. हल्ली तो हळू बोलतो, जीभ जड झाली आहे. पण त्या दिवशी दाराआडून मला एकेक शब्द नीट ऐकू आला.

"सासूचं राहू दे, दादा. ती आज कुठल्या कामावर होती ते सांग आधी."

तो माणूस म्हणाला, "फवारणीच्या."

"मग तेवढंच आत जाऊन सांग. चल, मी येतो बरोबर."

आणि तो निघाला. पाय फरफटत, भिंतीला धरत, पण त्या माणसाच्या पुढं.

माझं आता काय राहिलंय? पिशवीतलं पितळ मी, उद्या हिरवं पडेन. एवढंच मागणं आहे. तुमच्यासमोर कोणी मला ओठांकडे नेताना दिसला तर तो तुमचा कोण लागतो याचा विचार करू नका, त्याचा हात धरा. मला साफ करायला वाटीभर स्वच्छ पाणी आणि जुना झालेला दात घासायचा ब्रश पुरतो. माणसाचा श्वास मला कधीच लागत नव्हता.