माझी झडप गळकी निघू दे

आमच्या खात्यात एक नियम आहे. ज्यानं झडपेचं डिझाइन केलं, त्यानं तिची चाचणी घ्यायची नाही. आपल्या पोराचा पेपर आपणच तपासायला बसलो तर मार्क कापायला हात धजणार नाही, म्हणून. माझ्या झडपा तपासतो तो खुसपट. त्याला आईबापांनी ठेवलेलं नाव आहे, पण ते त्याच्या बायकोशिवाय कुणी घेत नसेल. चहाचा कप हातात दिला तर हा आधी त्याला तडा गेलाय का बघतो. माझ्या किती झडपा त्यानं टेबलावर आपटून परत पाठवल्या असतील, विचारू नका. दर वेळी चेहऱ्यावर असं हसू, की वाटावं याच्या घरी बारसं आहे.

आम्ही हॉस्पिटलात लागणारे पंप करतो. औषध शिरेत हळूहळू, ठरल्या मापानं ढकलायचं, एवढंच त्या पंपाचं काम. त्यात प्लास्टिकची एक कॅसेट बसते. कॅसेटमध्ये बोटाच्या पेराएवढी खोली आणि खोलीला दोन दारं. आत येण्याचं दार उघडतं, दट्ट्या मागे सरतो, औषध आत येतं. मग ते दार बंद होतं, बाहेरचं उघडतं, दट्ट्या पुढे सरकतो आणि औषध पेशंटकडे जातं. ही दोन दारं म्हणजे माझ्या झडपा. बंद म्हणजे बंद, तिथं हयगय चालत नाही. बाहेरची झडप जराशी जरी गळकी असली, तर दट्ट्या मागे येताना पेशंटच्या बाजूचं थोडं औषध परत ओढून घेतो. साधं सलाइन असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही. पण रक्तदाब टिकवून धरणारं औषध असेल, तर तेवढ्यानंही दाब धाडकन खाली येतो.

आईला आयसीयूत हलवलं तेव्हा तिच्या उशाशी आमचाच पंप होता, आणि त्यात तेच औषध होतं.

तिथल्या डॉक्टरबाई माझ्यापेक्षा वयानं लहान, पण बोलणं सरळ. मला आणि बाळूला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हृदय फार थकलंय. ऑपरेशननं फरक पडेल, पण त्यासाठी दाब स्थिर हवा. तो मधूनमधून घसरतोय. औषध चालू असताना घसरतोय, म्हणजे हृदयच साथ देत नाहीये. असंच चाललं तर मी त्यांना ऑपरेशनला पाठवणार नाही. टेबलावरच जातील. संध्याकाळी सर्जन बघून ठरवतील."

बाळू माझा धाकटा भाऊ. टक्कल पडलं तरी बाळूच. त्यानं विचारलं, "नाही म्हणाले तर?"

"तर त्रास होणार नाही एवढं बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी आईजवळ जाऊन बसले. काय करावं सुचेना, म्हणून पंपावर हात ठेवला. सवयच आहे ती. मोटर कशी चाललीय ते तळहाताला कळतं. दट्ट्या पुढे जाताना काही जाणवत नाही, मागे येताना बारीक टक वाजतं. एकदा टक झालं, आणि समोरच्या मॉनिटरवर दाबाचा आकडा घसरला. मी श्वास रोखून पुढच्या टकची वाट पाहिली. पुन्हा आकडा घसरला.

मी हात झटकन काढून घेतला. आणि मागोमाग, खरं सांगते, आनंद झाला. इतका की उठून नाचावंसं वाटलं. आईचं हृदय घसरत नव्हतं, माझी झडप गळत होती. झडप गळकी असेल तर हृदय धड आहे. हृदय धड असेल तर ऑपरेशन होईल.

"काय गं," आई पुटपुटली, "मशीनला ताप आलाय का? मघापासून हात लावून बघतेस."

"तू पड गप," मी म्हटलं, आणि फोन काढून पंप आणि मॉनिटर दोन्ही दिसतील असं बराच वेळ शूटिंग घेतलं.

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. वेड्यात काढलं नाही, हे त्यांचे उपकार. लगेच पंप आणि कॅसेट दोन्ही बदलायला लावलं. तरी दाब घसरलाच. मी म्हटलं, दोन्ही कॅसेट एकाच लॉटच्या आहेत, दोन्ही गळक्या असणार.

"असेल," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या बनावटीचा पंप आमच्याकडे नाही, मागवला तरी आज येणार नाही. तुमच्याकडे तपासायची सोय आहे ना? दोष पंपात आहे असं दाखवा, मी स्वतः सर्जनशी भांडते."

काढलेला पंप आणि कॅसेट त्यांनी स्वच्छ करून माझ्या हातात दिली. बाळू जिन्यापर्यंत पळत आला. "ताई, नक्की ना?"

"नक्की," मी म्हणाले. इतकं ठामपणे मी आयुष्यात काही बोलले नव्हते.

चाचणीच्या खोलीत खुसपट खिडकीशी उभा राहून चहा पीत होता. मी पंप त्याच्या टेबलावर ठेवला. "माझी झडप गळकी आहे. शोधून काढ."

"अगंबाई," तो म्हणाला, "हे तुझ्या तोंडून ऐकायचं म्हणून मी इतकी वर्षं जगलो." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि बाह्या वर केल्या.

आमची चाचणी बघायला कंटाळवाणी असते. पंपातून येणारं पाणी एका नाजूक काट्यावरच्या भांड्यात पडतं. नळीचं टोक पाण्यात बुडलेलं, आणि वर तेलाचा पातळ थर, म्हणजे वाफ होऊन वजन घटत नाही. भांड्याचं वजन जसं वाढेल तशी पडद्यावर रेघ चढते. झडप गळत असेल तर दट्ट्या मागे येताना पाणी उलटं ओढलं जातं आणि रेघ खचते. खुसपटनं पंप लावला. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. दट्ट्या मागे आला की रेघ क्षणभर आडवी व्हायची, आणि पुन्हा चढायची. आडवी होणारच, तेव्हा कॅसेटची खोली भरत असते. खचत नव्हती.

"बाहेरच्या बाजूनं जोर लाव," मी म्हटलं.

त्यानं जोर लावला. रेघ तशीच. त्यानं पाणी थंड केलं, कारण थंडीत रबर आखडतं. मग कॅसेटमध्ये मुद्दाम हवेचा बुडबुडा सोडला. त्याच लॉटची दुसरी कॅसेट लावली, तिसरी लावली. मी देवाधर्माची बाई नाही, पण त्या स्टुलावर बसून मी हात जोडले होते. झडप गळकी निघू दे. माझी नोकरी जाऊ दे, बाजारातले सगळे पंप परत येऊ देत, चारचौघांत माझी छी थू होऊ दे, पण रेघ खचू दे. या झडपा गळक्या असल्या तर आणखी कुठल्या खाटांवर कुणाकुणाच्या आया असतील, हेही मनात आलं. आलं, आणि मी ते बाजूला ढकललं. मला त्या क्षणी जगातली एकच आई दिसत होती.

शेवटी खुसपटनं कॅसेट कापून, झडप जिथं टेकते ती बैठक भिंगाखाली धरली. कितीतरी वेळ तो मान वर करेना.

"सापडलं?" मी विचारलं.

"तो व्हिडिओ दाखव," तो म्हणाला.

फोन कानाशी धरून त्यानं तो आधी नुसता ऐकला. मग नुसता पाहिला. मग दोन्ही. एरवी हा माणूस चूक सापडली की खुर्चीत मागे रेलतो. आज तो पुढे सरकून माझ्यासमोर बसला आणि अगदी हळू बोलला.

"टक झालं आणि दाब घसरला, ते तू पाहिलंस. टक झालं आणि दाब घसरला नाही, ते पाहिलंस का? हे बघ. इथं. इथं पण. आणि इथं टक नाहीच, तरी घसरलाय."

मी पाहिलं. तो म्हणत होता तसंच होतं. दोन वेळा जमलं होतं, आणि तिसऱ्यांदा नाही जमलं तेव्हा माझ्या डोळ्यांनी ते पाहायचंच नाकारलं होतं. दुसऱ्या कुणी असा पुरावा आणला असता तर मी त्याला दारातूनच हाकललं असतं.

"तुझी झडप चांगली आहे गं," खुसपट म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "पुन्हा एकदा लावू का? नवीन कॅसेट घेतो. अख्खा लॉट तपासतो."

तो खरंच अख्खा लॉट तपासत बसला असता. मी म्हटलं, "राहू दे."

हॉस्पिटलात शिरले तेव्हा बाळू दारातच होता. माझा चेहरा पाहूनच तो समजला, तरी विचारलंच. मी म्हटलं, पंपात दोष नाही.

"सकाळी तर नक्की म्हणालीस."

"माझी चूक झाली."

"चूक सकाळी झाली की आता?" त्याचा आवाज चढला. "तिथं जाऊन आलीस आणि दोष गायब? कंपनीची अब्रू वाचवलीस, ताई. आईपेक्षा तुला ती झडप मोठी झाली."

मी त्याच्या थोबाडीत मारणार होते. हात उचललाही. मग दिसलं, त्याचे ओठ थरथरत होते, लहानपणी अंधाराला घाबरला की थरथरायचे तसे. त्यालाही माझ्याइतकीच कुणावर तरी फिर्याद हवी होती. मी त्याला जवळ घेतलं.

डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि सर्जनना फोन लावायला गेल्या. त्यातून काय निघणार ते मला माहीत होतं.

आई जागी होती. सिस्टर पंपाला औषधाची नवी बाटली लावत होत्या.

"काय निघालं?" आईनं विचारलं. बाळूनं तिला सगळं सांगून ठेवलं होतं. त्याच्या पोटात काही राहत नाही.

"काही नाही. पंप चांगला आहे."

"अगदी?"

"अगदी. खुसपटलाही काही सापडलं नाही."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, आता हिला उमगलं. मी तिच्या हाताला धरून बसले आणि काय सांगावं, कसं सांगावं, याची जुळवाजुळव करू लागले. तेवढ्यात तिनंच डोळे उघडले.

"सुटले बाई. दिवसभर मला घोर लागला होता."

"कसला?"

"अगं, माझं काय, मी पिकलं पान. मला माझं कळतंय. पण तुझ्या हातून माझं वाईट झालं असतं, तर तू जन्मभर स्वतःला खात बसली असतीस. ओळखते ना मी तुला." ती दमली. जरा थांबली, मग मान वळवून म्हणाली, "सिस्टर, हे मशीन हिनं केलंय बरं का. आज तपासून आणलं. काही खोट निघाली नाही."

"हो का आजी?" सिस्टर म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून लगेच खाली बघू लागल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं.

"खरं ना गं?" आईनं मला विचारलं.

"खरं," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना. दारात बाळू उभा होता, तोही रडत होता.

आईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"रडताय काय," ती म्हणाली, "चांगली बातमी आहे ना?"