पांढरं पॉलिश

तिने शॉवरखाली भिंत आणि फरशीच्या सांध्यावरून बोट फिरवलं, आणि बोटाला पांढरं लागलं. सांध्यात भरलेल्या सिलिकॉनचा रंग असा बोटाला येत नाही. ओल्या फडक्याने पुसलं, तशी पांढरीशुभ्र पट्टी आतून काळीकुट्ट निघाली. वास ओळखीचा होता. तिच्या शाळेच्या कॅनव्हासच्या बुटांना बाबा दर रविवारी लावायचे, ते पॉलिश.

"बाबा!"

वडील दारात आले आणि गिझरकडे बघत उभे राहिले, जणू तोच बोलावत होता.

"बुरशीला पॉलिश?"

"तू येणार म्हणून जरा... मागच्या वेळी तुझा दादा फोटो काढून घेऊन गेला ना."

तिला हसू आलं. तो फोटो तिने पाहिला होता. बाबांना घर झेपत नाही, असं दादाचं म्हणणं होतं. अंथरुणाला खिळलेल्या आईला शुश्रूषा केंद्रात ठेवायचं आणि बाबांना त्याच्याकडे न्यायचं. तू स्वतः बघून ये आणि आज काय ते सांग, म्हणाला होता. दोघांची ताटातूट तिच्या एका 'हो'वर अडली होती.

एक्झॉस्ट पंख्याच्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी मारून ठेवली होती.

"पंखाच लावत नाही तुम्ही! वाफ कोंडून काळं नाही होणार तर काय होणार?"

"आवाज फार करतो गं."

"पंखा आहे तो, आवाज करणारच."

तिने चिकटपट्टी उपटली. वडील पिशवी घेऊन औषधं आणायला निघाले. जाताना आतल्या खोलीत वाकून बायकोला म्हणाले, "पोरगी आहे हं घरात."

तिने हातमोजे चढवले, पंखा सुरू केला, आणि ब्लीचचा वास आईपर्यंत जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. टिश्यू पेपरच्या वळ्या ब्लीचमध्ये भिजवून काळ्या पट्टीवर दाबून बसवल्या. त्या मुरेपर्यंत आरसा पुसला, बादल्या घासल्या. वळ्या उचलल्या तेव्हा बरंच काळं गेलं होतं. कोपऱ्यात आतपर्यंत गेलेलं मात्र पात्याने खरवडून तिथे नवीन सिलिकॉन भरावं लागणार होतं. तिने सांध्याची पट्टी धुतली, कोरडी केली. पंखा घरघरत होता आणि काम मनासारखं झालं म्हणून ती खूश होती.

पंखा बंद करून दार उघडलं, तेव्हा आईचा आवाज कानावर आला. आवाज कसला, नुसती कुजबुज.

ती धावली. आई पलंगाच्या कडेला कलंडली होती, एक हात कठड्यात अडकलेला, कपाळ घामाने डबडबलेलं. तिने हात सोडवला, आईला सरळ निजवलं, पाणी पाजलं.

"कधीची हाक मारतेय गं," आई पुटपुटली. "हे तर लगेच येतात. अंगाला साबण तसाच... वेडे कुठले."

ती आईचा हात चोळत बसून राहिली. शेवटी दादाचा फोन आला.

"मग? बघितलंस ना?"

"बघितलं. बुरशी आहे थोडी, ती निघते."

"अगं, बुरशीचं नाही विचारत मी."

"दोघं इथेच राहतील, दादा. दर शनिवारी मी येईन. रविवारी तू ये."

वडील परतले तेव्हा ती बाथरूममध्ये ती जुनीच चिकटपट्टी बटणावर अंगठ्याने दाबून बसवत होती. पट्टी काही केल्या नीट चिकटत नव्हती.

"अगं, मग वाफेचं काय?"

"खिडकी उघडी ठेवायची. आंघोळ झाली की फडक्याने सांधे कोरडे करायचे, रोज." तिने चिकटपट्टीवर पुन्हा अंगठा दाबला. "आणि दारात पायपुसणं टाकून ठेवते. साबणासकट पळताना घसराल एखाद दिवशी."

वडिलांनी आतल्या खोलीकडे पाहिलं.

"सांगितलं वाटतं तिने," ते म्हणाले, आणि चक्क लाजले.