निळ्या चौकटीची विद्या

चोपड्याजवळच्या एका शाळेत, कुणाच्या अंगात आल्यावर उसळावी तशी गर्दी उसळली होती. माणसं खिडक्यांना लोंबकळत होती. सातवीतली पुनम टॅबलेटवर टकाटक बोट ठेवत होती आणि प्रत्येक उत्तराला पडद्यावर फटाके फुटत होते.

"महिन्यापूर्वी नापास, आज पैकीच्या पैकी!" 'प्रज्ञासागर' ॲप विकायला आलेला हितेंद्र माईकवर गरजला. "मेंदूची कुलपं उघडणारं दिव्य तंत्रज्ञान आहे हे! आता गणिताला मास्तर कशाला?"

"मनी पोर हुशार व्हई गयी!" पुनमच्या वडिलांनी, जीवरामभाऊंनी, डोळे पुसले. संस्थेचे अध्यक्ष रुपचंदनाना तर गणिताचे तास बंद करायलाच निघाले होते.

गणिताच्या कोकिळाबाईंना हे सगळं पाहून शिसारी आली. कालच अपूर्णांकांची बेरीज जमेना म्हणून हीच पोर वर्गात रडली होती. त्या पुढे झाल्या. पडद्यावर अर्धा अधिक पाव होतं. त्यांनी फळ्यावर अर्धा अधिक एक तृतीयांश लिहिलं.

"घाबरू नकोस, पुनम. परीक्षा तुझी नाही, या यंत्राची आहे."

पुनम फळ्याकडे बघतच राहिली. "बाई, यात निळी चौकट कुठे आहे?"

"निळी म्हणजे?"

"पहिल्या प्रश्नाचं उत्तर निळ्या चौकटीत, दुसऱ्याचं पिवळ्या. रोज तेच प्रश्न येतात. चुकलं की बरोबर चौकट चमकते. मग पाठ होतं."



"तिचा मेंदू अजून लेव्हल दोनवर पोचला नाही!" हितेंद्र म्हणाला.

"पोरीच्या मेंदूला नावं ठेवू नका!" बाई कडाडल्या. "चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करू. एकाला टॅबलेट, दुसऱ्याला खडू-फळा, वेळ सारखाच. पेपर परक्या शाळेतले शिक्षक काढतील. तो आधी तुम्हीही बघायचा नाही, मीही नाही. आहे तयारी?"

"आमची कंपनी असल्या चाचण्या करत नाही."

"का बरं?" रुपचंदनानांनी विचारलं. हितेंद्र वायरी गुंडाळू लागला.

"मंग गणितना तास चालूच राहतीन," नाना म्हणाले.

जीवरामभाऊ मान खाली घालून बसले होते. बाई त्यांच्याजवळ गेल्या. "भाऊ, तुमची पोर ढ नाही. तिला फसवलं, तुम्हालाही फसवलं." मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "यंत्राशी माझं वैर नाही. पण कुणी चमत्कार दाखवला की टाळ्या वाजवण्याआधी दोन गोष्टी विचारा. प्रश्न बदलला तर काय होईल? आणि हे यंत्र नसतं, तर पोरं काय शिकली असती? जो या प्रश्नांना भितो, त्याच्या हाती आपली लेकरं देऊ नका."