झाकणावरची सात नावं

मी एक पाटी बोलतेय. जन्मानं म्हणाल तर मी झाकण. पण झाकणाचं बोलणं ऐकायला कोण थांबतं? तेच अंगावर नाव रंगवून रस्त्याच्या कडेला उभी राहिले की येणारी-जाणारी गाडी जरा हळू होते. म्हणून पाटी म्हणूनच बोलते.

विस्कॉन्सिनमधल्या सेंट ओडिल गावात, ऑगस्ट जॅकार्टच्या गोठ्यामागे माझा जन्म झाला. ऑगस्टनं देवदाराच्या पाच फळ्या शेजारी शेजारी लावल्या, आतून दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या, कडा गोल कापल्या आणि मधोमध एक जाडजूड मूठ बसवली. हे सगळं कशासाठी, तर त्याच्या लोखंडी हंड्यासाठी. शंभर माणसांचा हंडा तो. कोंबडी, गोमांस, बटाटे, गाजरं, कोबी, कांदे, सगळं त्यात सकाळपासून रटरटत ठेवायचं. आमच्याकडे त्याला बूया म्हणतात, तो दर वर्षी व्हायचा. हंडा जॅकार्टांचा, कोंबड्या डावीकडच्या नॉर्बर्टच्या, भाजी उजवीकडच्या मार्लिसची. तीन घरांतलं एक जरी नाही म्हणालं तरी बूया व्हायचा नाही.

माझी पाटी झाली ती ऑगस्टच्या मुलीमुळे. तिचं नाव डेल्फिन. आमच्या देशात राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला उभे पुष्कळ राहतात, पण लोक दोनच पक्ष मोजतात. एकाची खूण गाढव, दुसऱ्याची हत्ती. डेल्फिनला एका वर्षी ना गाढव पटलं ना हत्ती. तिला तिसराच कुणी पटला. आता त्या तिसऱ्याच्या पक्षाकडे पाट्या छापायला कुठले पैसे! डेल्फिननं इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर पडली. मला खांबाला तारेनं बांधून तिनं नाव मुठीच्या वर लिहिलं, घोषणा मुठीच्या खाली. मूठ नाकासारखी मधे आली. मला वाटतं, त्या नाकामुळेच लोक माझ्याकडे बघायचे.

ऑगस्टनं पाहिलं, हसला आणि एकच अट घातली. "मतदानाच्या दुसऱ्या दिवशी झाकण हंड्यावर आलं पाहिजे. आणि त्यानंतरच्या रविवारी बूया. कोण जिंकलं, कोण हरलं, ते जेवताना काढायचं नाही."

ऑगस्ट गेला, पण अट राहिली. दर चार वर्षांनी डेल्फिन जुन्या नावावर पांढरा हात मारायची आणि नवं नाव लिहायची. अशी सहा नावं माझ्या अंगावर चढली. सहाच्या सहा हरली. दोन्ही बाजूच्या अंगणांत छापील, चकचकीत, तारेच्या पायांवर उभ्या असलेल्या पाट्या असायच्या. नॉर्बर्टकडे गाढववाल्यांच्या, मार्लिसकडे हत्तीवाल्यांच्या. वारा आला की त्या थरथरायच्या आणि मतदान झालं की कचऱ्यात जायच्या. मी मात्र हंड्यावर परत जायची. हरूनसुद्धा माझं उत्तम चाललं होतं.

डेल्फिनची एक सवय सांगते. मतदान करून आलं की केंद्रावर 'मी मत दिलं' असं लिहिलेली एक गोल चिकटपट्टी मिळते. लोक ती कोटाला लावून दिवसभर मिरवतात. डेल्फिन घरी येऊन ती माझ्या मुठीवर लावायची आणि म्हणायची, "घे, तुझंच आहे." सेंट ओडिलमध्ये तिसऱ्याला दर वेळी एकच मत पडायचं. त्यामुळे गुप्त मतदान सगळ्या गावाचं होतं, तिचं तेवढं नव्हतं.

आता तिसऱ्यानं काय बिघडतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण आमच्या राज्यात जो एका मतानं पुढे, तो अख्खं राज्य खिशात घालतो. गाढव आणि हत्ती अगदी बरोबरीनं धावत असले की तिसऱ्यानं उचललेली मूठभर मतं महाग पडतात. डेल्फिनचे उमेदवार कधी इकडची माणसं ओढायचे, कधी तिकडची. बारा वर्षांपूर्वीचा उमेदवार करांबद्दल बोलायचा, तेव्हा हत्ती हरले आणि मार्लिस महिनाभर फुगून बसली. पण तेव्हा तिनं भाजी तरी दिली होती.

मागच्या खेपेला मात्र पराचा कावळा झाला. गाढववाले राज्य हरले, आणि किती मतांनी, तर डेल्फिनच्या माणसाला राज्यभर पडली होती त्याच्याही निम्म्यानं. नॉर्बर्ट सकाळीच कुंपणाशी आला. टोपी मागे सारलेली, कान लाल.

"एक मत, एक मत म्हणून सोडून देतेस डेल्फी. अशा एकेकानंच मिळून घालवलं सगळं."

"माझं मत तुझ्या गाढवाच्या दावणीला कधी बांधलेलं होतं रे?"

"तू नुसती चांगली दिसायला मत देतेस. भोगतात दुसरे." एवढं बोलून तो गेला.

तासाभरानं मार्लिस आली, हातात चेरीचा केक. "आभार मानायला आले गं," ती म्हणाली. "तू नसतीस तर आमचं कठीण होतं."

शिवी परवडली असती. डेल्फिननं तो केक उचलला आणि मार्लिसच्या डोळ्यांदेखत नॉर्बर्टच्या कोंबड्यांना घातला. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना? आमच्याकडे दोघांचं भांडण आणि तिसऱ्याला मार. त्या रविवारी बूया झाला नाही. पुढच्या वर्षीही नाही. चार वर्षं मी पडवीत भिंतीला टेकून उभी होते आणि हंड्यात कोळ्यांनी घर केलं होतं. डेल्फिन एकटी जेवायची, एकटी बडबडायची. मला तिची फार दया यायची.

या वर्षी ऑक्टोबरात तिनं मला परत बाहेर काढलं. सातवं नाव होतं थेडा क्रॉली, आणि खाली 'विहिरीचं पाणी आधी'. आमच्या भागातल्या विहिरींचं पाणी बिघडलेलं, लोक पिण्याचं पाणी विकत आणतात. गंमत म्हणजे क्रॉलीबाई बोलायला लागल्या आणि पंधरवड्यात दोन्ही मोठ्या पक्षांच्या पत्रकांवर विहिरी आल्या. तोवर त्यांना विहीर चौकोनी असते की गोल हेही ठाऊक नसावं.

डेल्फिन 'क्रॉली'मधला शेवटचा फराटा ओढत होती तेवढ्यात डावीकडून नॉर्बर्ट आला.

"पुन्हा?"

"पुन्हा."

"मला वाटलं, अक्कल आली असेल."

"अक्कल आली म्हणून तर रंग आणला." डेल्फिननं वर पाहिलं नाही. "तुझा माणूस तुला आवडतो का, ते सांग."

नॉर्बर्टनं कुंपणाचं लाकूड नखानं खरवडलं. "नाही आवडत. पण हत्ती आला तर?"

उजवीकडे मार्लिस भोपळे गाडीत भरत होती. तिचे कान कायम याच दिशेला. ती तिथूनच म्हणाली, "आमच्या माणसाला तर मी ही भोपळ्यांची गाडीसुद्धा चालवायला देणार नाही. पण गाढवं आली तर?"

डेल्फिननं कुंचला डब्यात ठेवला. "म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांच्या भीतीनं नावडत्या माणसाला मत देता. मग द्या ना दोघंही क्रॉलीला. गाढवाचं एक कमी, हत्तीचं एक कमी. फिट्टंफाट."

दोघं चार वर्षांत पहिल्यांदा एकमेकांकडे बघायला लागली.

"आणि हिनं आत जाऊन फसवलं तर?" नॉर्बर्ट म्हणाला.

"मी? शाळेत माझ्या डब्यातलं कोण चोरायचं रे, नॉर्ब?"

"कळेल की," डेल्फिन म्हणाली. "गावात तिसऱ्याला एक मत पडतं, ते माझं. या वेळी तीन पडली पाहिजेत. पडली तर रविवारी बूया. नाही पडली तर हंडा चर्चला देऊन टाकते आणि हिला घालते चुलीत."

हिला म्हणजे मला. माझ्या फळ्यांमधून शिरशिरी गेली. माझं अख्खं आयुष्य आता नॉर्बर्ट आणि मार्लिसच्या शब्दावर टांगलेलं होतं.

मतदानाच्या दिवशी नॉर्बर्ट सकाळीच जाऊन आला. मार्लिस दुपारी गेली. डेल्फिन चहाच्या वेळेला गेली आणि परत आली ती सरळ घरात शिरली. मी मूठ पुढे करून वाट बघत होते, मूठ पुढेच असते म्हणा. चिकटपट्टी काही आली नाही. विसरली असेल, मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला खांबावरून सोडलं, गाडीच्या मागच्या हौद्यात टाकलं आणि आम्ही ग्रामसभागृहाशी गेलो. नॉर्बर्ट आणि मार्लिस आधीच येऊन उभे होते, मधे चार माणसं मावतील एवढं अंतर ठेवून. गावची क्लार्क जोसी हिनं दारावर आकड्यांचा कागद लावला आणि ती आत गेली. नॉर्बर्टनं चष्मा लावला.

"क्रॉली, दोन."

मग दोघंही एकदमच बोलायला लागली.

"मला माहीत होतं," नॉर्बर्ट म्हणाला. "डबा चोरल्याचा सूड साठ वर्षांनी घेतलास."

"माझ्या तोंडावर सांगतोस? मी आईची शपथ घेऊन सांगते, क्रॉलीच्या नावापुढचा गोल मी काळा केलाय."

"मग मी काय खोटं बोलतोय? चाळीस वर्षांत पहिल्यांदा गाढव सोडलं मी."

"सोडलंस म्हणे. गाढव नाही सुटलं तुझ्यातलं."

"चालू दे. हंडा जाऊ दे चर्चला. माझ्या कोंबड्या मी विकून टाकीन, पण तुझ्या भाजीशेजारी शिजू देणार नाही."

तो वळला, तीही वळली. मला चुलीतली राख दिसू लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची, डेल्फिन गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मरेपर्यंत दोघं एकमेकांना लबाड म्हणत राहिली असती. डेल्फिननं कोटाच्या खिशात हात घातला आणि बाहेर काढला. तळव्यावर ती चिकटपट्टी होती, चुरगळलेली.

"तुम्ही दोघांनीही दिलं," ती म्हणाली. "मी नाही दिलं."

नॉर्बर्ट जागीच थांबला.

"पेन हातात घेतलं आणि मला तुझा चेहरा दिसला, नॉर्ब. मागच्या वेळचा, लाल कानांचा. वाटलं, पुन्हा थोडक्यात गेलं तर? पुन्हा चार वर्षं कुणी बोलणार नाही. मी घाबरले. गाढवाला दिलं." तिनं हौद्यातल्या माझ्याकडे पाहिलं. "मग ही पट्टी झाकणावर लावायला तोंडच राहिलं नाही."

मी तेव्हा काय वाटून घ्यावं? सहा वेळा जिच्यासाठी थंडीवाऱ्यात उभी राहिले तिनं सातव्या वेळी मलाच टांग दिली. पण खरं सांगते, मला राग आला नाही. तिला माणसं हवी होती, एवढंच होतं ते.

सगळ्यांत आधी मार्लिस हसली. पोट धरून, सभागृहाच्या पायरीवर बसून हसली. "पंचवीस वर्षं अंगणात पाटी, आणि मत गाढवाला! कुंपणानंच शेत खाल्लं की गं!" मग एकदम थांबून बोटांवर मोजायला लागली. "थांबा. याचं एक गेलं, तुझं एक आलं. गाढवाचा हिशेब सरळ. गेलं ते माझ्या हत्तीचंच."

"राज्याचा निकाल बारा हजारांनी लागलाय, मार्लिस," नॉर्बर्ट म्हणाला. "एका मतानं तुझ्या हत्तीचं काही अडलं नाही." मग त्यानं टोपी काढली. नॉर्बर्ट टोपी फक्त चर्चमध्ये काढतो. "डेल्फी, मी असा दिसत होतो?"

"त्याहून वाईट."

"मग ते मत मीच चोरलं तुझं. डब्यासारखं."

त्यानं तिच्या तळव्यावरून पट्टी उचलली, मांडीवर घासून सरळ केली, हौद्यात वाकला आणि माझ्या मुठीवर लावली. ती नीट चिकटली नाही. मार्लिसनं अंगठ्यानं दाबून धरली तेव्हा कुठे बसली.

कोण जिंकलं ते मी सांगत नाही. माझ्या अंगावर ज्याचं नाव नव्हतं तो जिंकला, नेहमीसारखाच.

आज रविवार आहे. हंडा घासून काढलाय, खाली ओंडके पेटलेत आणि मी माझ्या जागी आहे. वाफेनं वरचा रंग सुटायला लागलाय. 'क्रॉली'खालून सहावं नाव डोकावतंय, त्याच्याखालून पाचवं. बायकापोरं वाटगे घेऊन उभी आहेत आणि नॉर्बर्ट दर दोन मिनिटांनी ओरडतोय, "मार्लिस, झाकण उघडू नकोस, वाफ जाते." मार्लिस उघडतेच. डेल्फिन मीठ चाखून बघतेय आणि या माणसांकडे बघून मधेच डोळे पुसतेय. कांदा म्हणे.

माझ्या फळ्या आता थकल्या आहेत. आठवं नाव पेलेन की नाही, देव जाणे. एक विनंती मात्र करून ठेवते. वरच्या बाजूला हवं त्याचं नाव लिहा, हरणाऱ्याचंसुद्धा. आतल्या बाजूला रंग लावू नका. तिथे खाली सगळ्यांचं एकत्र शिजत असतं.