गाडीतला ओळंबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी ओळंबा आहे. भिंत सरळ आहे का हे पाहायला गवंडी दोरीला बांधून सोडतात ना, तोच मी. माझ्या गवंड्याची एकही भिंत कधी वाकडी गेली नाही. त्यात अर्धं श्रेय माझं, सांगून ठेवतो!

तो थकला, तेव्हा त्याच्या लेकीने मला कामावर नेलं. ती जमिनीच्या पोटातल्या गाडीवर गार्ड होती. या गाडीला इंजिनच नाही! पृथ्वी गोल, पण बोगदा मात्र या शहरातून त्या शहरात आरपार सरळ, म्हणून मधोमध सगळ्यात खोल. गाडी सोडली की मध्यापर्यंत घसरते आणि त्याच वेगाने झोक्यासारखी पलीकडे चढते. तोंडाशी क्षणभर थांबते, तेवढ्यात तिला साखळीच्या आकड्यात अडकवायचं. हुकलं, तर ती उलटी घसरते आणि हेलकावे खात खोल मध्यावर जाऊन बसते.

ताईने मला डब्याच्या छताला टांगलं. मला वाटलं, उतारावर आपण तिरके होणार. छे! गाडी मोकळी धावत असली की उतार असो वा चढ, मी फरशीशी काटकोनातच. गाडी घसरते, तसाच मीही तिच्याबरोबर घसरत असतो ना! पहिल्या दिवशी तर मी चक्रावूनच गेलो. चाक कुठे घासलं, तरच मी पुढे झुकतो.

पुढे इंजिनियरसाहेबांनी चाक घासलं तर दाखवणारी चकचकीत तबकडी बसवली. "ताई, आता हा लोंबता गोळा कशाला?"

"असू द्या हो साहेब, बाबांचा आहे. तुमचं काही खातोय का तो?"

एकदा दहाव्या मिनिटालाच मी झुकलो. तबकडीचा काटा मात्र 'ठीक'वरच अडकलेला. मला पाहताच ताईने पहार उचलली. डब्यात चाळीस माणसं होती. तिने फरशीचं झाकण उघडलं. ब्रेकचा ठोकळा चाकाला चिकटला होता. पहारीच्या तिसऱ्या दणक्याला तो सुटला आणि मी सरळ झालो. पण गेलेला वेग थोडाच परत येणार? ती फोनवर पलीकडच्या तोंडाशी असलेल्या लोकांना ओरडून म्हणाली, "साखळी खाली सोडा! असेल तेवढी सगळी सोडा!"

गाडी तोंडाच्या बरीच अलीकडे थांबली. साखळी संपता संपता आकडा लागला. ताई तिथेच मटकन बसली आणि रडली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः मला नवी दोरी बांधली. मग दरवर्षी बांधत राहिले.

आता ती दोघंही निवृत्त झाली आहेत. तबकडीची काच रोज पुसली जाते, माझी दोरी मात्र विरत चालली आहे. मित्रांनो, तेवढी बदला. मी पडलो तर मला काही होणार नाही, फार तर फरशीला पोचा पडेल. पण नंतर कधी चाक घासलं, तर तुम्हाला सांगायला छताला कोणी नसेल.