होहेनलाउटर किल्ल्यातली बारा वर्षं

फलक वाचला आणि रोझविताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. होहेनलाउटर किल्ल्याचा आठशे वर्षांचा इतिहास सोनेरी अक्षरांत मांडला होता. कुणा सरदाराने बुरूज बांधला, शेतकऱ्यांच्या बंडात तो जळला, स्वीडिश सैन्याने लुटला, सगळं यथासांग. कुठल्या राजपुत्राचं इथे मुक्कामाला पोट बिघडलं, तेसुद्धा! आणि मग खाली एक ओळ: ‘दुसऱ्या महायुद्धानंतर बारा वर्षं किल्ला रिकामा.’ त्याखाली: ‘आज हॉटेल व लग्नसमारंभ.’

रिकामा! अहो, त्याच वर्षांत रोझविता इथे लहानाची मोठी झाली. जर्मनी युद्ध हरली, पूर्वेकडच्या सायलेसिया प्रांतातून जर्मन लोकांना हाकललं आणि आई तिला आणि तिच्या भावाला, योआखिमला, घेऊन या गावात येऊन पडली. गावाने दारं लावून घेतली. मग सरकारने या सगळ्या निर्वासितांना किल्ल्यात कोंबलं. सरदारांच्या दालनात घोंगड्या टांगून एकेका कुटुंबाला खिडकीएवढी जागा. दुसऱ्याच हिवाळ्यात घटसर्पाची साथ आली आणि योआखिम त्या खिडकीखालीच गेला.

गावच्या दफनभूमीत त्याची कबर होती. पण इथे कबरसुद्धा भाड्याची. मुदत संपली की दगड काढतात, जमीन सपाट करतात आणि जागा दुसऱ्याला देतात. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली, रोझविता परगावी. मुदत कुणी वाढवली नाही. आता तिथे गावचा बेकरीवाला झोपलाय. पोराची खूण म्हणून जगात उरला तो हा किल्ला, आणि तो म्हणे रिकामा.

सप्टेंबरचा रविवार होता. जुन्या वास्तू सगळ्यांना फुकट बघू देतात, तो. किल्ला मंडळाचा अध्यक्ष एकहार्ट पाहुण्यांचा घोळका घेऊन दालनात उभा होता. फलकावरचा मजकूर त्याचाच. हॉटेलची व्यवस्थापक लिंडेनाऊबाई दुपारच्या लग्नासाठी टेबलांवर फुलं मांडत होती. रोझविता काठी टेकत सरळ घोळक्यात घुसली.

“एकहार्ट, ती ओळ बदल.”

“झालं का तुझं परत सुरू? फोनवर सांगितलं ना तुला! रिकामा म्हणजे मालक राहत नव्हता.”

“मग आम्ही कोण होतो? घुशी?”

दोघे-तिघे हसले. लिंडेनाऊबाई लगबगीने पुढे आली. “आजी, त्या साथीचं ऐकलंय मी, तुमच्या भावना समजतात हो मला. पण इथे नवरा-नवरी नाचणार. त्यांना घटसर्प कसा वाचायला द्यायचा?”

“आणि त्या सरदाराने तीन शेतकरी बुरुजावर टांगले, ते फलकावर चालतं? त्या बुरुजाखाली तर तुम्ही केक कापता, बाई!”

आता कुणी हसलं नाही. एकहार्ट घसा खाकरून म्हणाला, “चला मंडळी, पुढे चिलखतं बघू.”

“थांब!” रोझविताने काठी आडवी धरली. “या खिडकीबाहेर, खाली, रोज शाळा सुटली की कोण यायचं? ‘उवाळ्यांनो, चालते व्हा’ म्हणून कोण बोंबलायचं? तू आणि तुझी गँग. सगळ्यांत मोठा आवाज तुझा. रिकाम्या किल्ल्याला शिव्या घालत होतास का रे?”

एकहार्टचे कान लालबुंद झाले. घोळक्यातली माणसं त्याच्याकडे बघू लागली. लिंडेनाऊबाईच्या हातातली फुलं हातातच राहिली.

“लहान होतो गं मी,” तो कसाबसा म्हणाला.

“माझा भाऊही लहानच होता. तुझ्याच वयाचा.”

“आठवतो मला. डोक्यावर मोठ्या माणसाची टोपी असायची. खोकायचा.”

“नाव काय होतं त्याचं?”

एकहार्टने खिडकीकडे पाहिलं, मग खाली. गावातल्या सात पिढ्यांच्या सरदारांची नावं त्याला तोंडपाठ होती.

“आम्ही त्याला उवाळ्याच म्हणायचो,” तो म्हणाला. “नाव कधी कुणी विचारलंच नाही.”

“मग आता विचार,” रोझविता म्हणाली. “आणि मोठ्याने विचार. शिव्या देताना तुझा आवाज वरपर्यंत यायचा.”